खाडीपलीकडचे शहर

बालाघाटच्या डोंगरातील सीताफळे तुम्ही खाल्ली असतील. बीडची सीताफळे मुंबईला जातात, असे आपण म्हणतो. पण त्यांचा मोठा बाजार आहे वाशीला, म्हणजे नवी मुंबईत!

मुंबई तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. लोक वाढले, जागा पुरेना. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचवले, की खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे. त्यासाठी १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली. वाशीचा खाडीपूलही झाला. तरी लोक लवकर येईनात. नोकरी मुंबईत आणि रेल्वे नाही, मग कोण येणार? पुढे घाऊक बाजार तिकडे हलवले गेले. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली आणि वस्ती झपाट्याने वाढली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांहून अधिक लोक होते.

ही जागा मात्र ओसाड नव्हती. तेथे ९५ गावे होती. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर लोक जगत. जमिनी गेल्या, पण मोबदला फार थोडा मिळाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उरण भागात आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. त्यानंतर, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचे ठरले.

कधी त्या लोकलने गेलात, तर स्थानकांच्या पाट्या वाचा: तुर्भे, घणसोली, नेरूळ. ही त्या जुन्या गावांचीच नावे आहेत.