जिबरेलिन

जिबरेलिन हे खोडाची लांबी वाढविणारे वनस्पती-संप्रेरक आहे. ते मुख्यतः कोवळ्या, वाढत्या भागांत तयार होते. खोडातील ‘डेला’ प्रथिने वाढ रोखून धरतात. जिबरेलिनमुळे या प्रथिनांचे विघटन होते, पेशी विभागतात व लांबतात आणि दोन पेरांमधील कांडे लांबते. पेरांची संख्या मात्र फारशी बदलत नाही.

या संप्रेरकाचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानमध्ये रोगट रोपे भराभर उंच होत, पण किडकिडीत राहून आडवी पडत. शेतकरी त्यांना ‘बाकानाए’, म्हणजे खुळी रोपे, म्हणत. बुरशीच्या नुसत्या स्रावानेही रोपे उंचावतात, हे एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखविले. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये बुरशीच्या नावावरून या द्रव्यास जिबरेलिन म्हटले.

नंदुरबार जिल्ह्यात तापी-गोमाई संगमावरील प्रकाशा परिसरात ऊस व कापूस ही दोन्ही पिके होतात. उसात कांडे हाच माल. हवाई बेटांत थंडीत खुंटणारी कांडी लांबविण्यासाठी उसावर जिबरेलिन फवारले जाई. कापसाचे गणित उलटे आहे. भारी जमिनीत पाणी व नत्र जास्त झाले, की झाड माजते, सावली दाटते आणि खालची पाती व बोंडे गळतात. उंच झाड म्हणजे चांगले पीक, हा समज येथे महागात पडतो. अशा वेळी मेपिक्वाट क्लोराइड फवारतात. ते झाडातील जिबरेलिनची निर्मितीच रोखते. पाण्याचा ताण बसलेल्या कापसावर मात्र ही फवारणी टाळावी लागते, कारण त्याची वाढ आधीच खुंटलेली असते.