लीहाय ॲव्हेन्यूचे ॲथलेटिक्स

फिलाडेल्फियाच्या बेसबॉलवर कोणी लिहायला बसलं की सगळी पानं फिलीज घेऊन जातात आणि ॲथलेटिक्सच्या वाट्याला दोन ओळी येतात. हा अन्याय मला कधीच पटलेला नाही. १९०१ ते १९५० या काळात फिलीजने दोन पेनंट, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकली, ॲथलेटिक्सने नऊ. वर्ल्ड सिरीज म्हणाल तर फिलीजची एकही नाही, ॲथलेटिक्सच्या पाच. त्या अर्ध्या शतकात हे शहर कोणाचं होतं, यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

सुरुवातीचा इतिहास सर्वांना पाठ आहे. पहिल्याच मोसमात फलंदाज लाजोईची .४२६ची सरासरी, मग त्याच्यावरून झालेली कोर्टबाजी. जायंट्सच्या मॅकग्रॉने ‘पांढरा हत्ती’ म्हणून हिणवलं, तर ॲथलेटिक्सचा मॅनेजर आणि सहमालक कॉनी मॅकने तोच हत्ती मानचिन्ह करून टाकला. १९०९मध्ये लीहाय ॲव्हेन्यू आणि २१व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर शाइब पार्क उभं राहिलं, पोलाद आणि काँक्रीटचं पहिलं मोठं मैदान. मॅकइनिस, कॉलिन्स, बॅरी, बेकर या लाख डॉलरच्या इनफिल्डने १९१०, १९११ आणि १९१३ची वर्ल्ड सिरीज आणली. १९१४ला बॉस्टनकडून सलग चार सामन्यांत मार खाल्ला, मॅकने संघ मोडला आणि पुढची सात वर्षं संघ तळाला राहिला. १९१६ला तर ११७ पराभव. त्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यात हशील नाही.

खरा विषय १९२९ ते १९३१चा संघ. १९२७च्या यँकीजची आरती ओवाळणाऱ्यांना मी आकडे दाखवत आलो आहे. १९२६ ते १९२८ या तीन वर्षांत यँकीजचे ३०२ विजय. पुढच्या तीन वर्षांत ॲथलेटिक्सचे ३१३. आणि १९२९ला रूथ-गेरिगच्या त्याच यँकीजना या संघाने १८ सामन्यांनी मागे टाकलं. कॉक्रेन कॅचर, फॉक्स पहिल्या बेसवर, सिमन्स लेफ्ट फिल्डला आणि चेंडू ग्रोव्हच्या हातात. असे चौघे एकाच डगआउटमध्ये पुन्हा बसलेले मला दाखवा.

१२ ऑक्टोबर १९२९, वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. सातव्या इनिंगपर्यंत शिकागो कब्ज ८-०ने पुढे. सिमन्सने होमरन मारला तेव्हा लोकांनी अब्रू राखल्याच्या टाळ्या वाजवल्या. मग फॉक्स, मिलर, डाइक्स, बोली, एकामागून एक सिंगल. पिचर बदलला. हासने मारलेला चेंडू सेंटरफिल्डला हॅक विल्सनच्या डोळ्यांवरच्या उन्हात हरवला आणि हास बेस ओलांडत थेट घरी आला: ८-७. आनंदाच्या भरात डाइक्सने शेजारच्या माणसाच्या पाठीवर थाप मारली. तो माणूस म्हणजे सडपातळ, सुटाबुटातला कॉनी मॅक, आणि तो बॅटींच्या ढिगाऱ्यात जाऊन पडला, असं सांगतात. त्याच डाइक्सच्या डबलवर पुढे दोन रन आले. एका इनिंगमध्ये दहा रन, निकाल १०-८. शेवटच्या दोन इनिंग ग्रोव्हने टाकल्या. सहा फलंदाज आले, सहाही बाद, त्यातले चार स्ट्राइकआउट.

मी या शहरात नोकरीला आलो तेव्हा केन्सिंग्टनच्या गिरण्यांतून निवृत्त झालेले म्हातारे भेटायचे. त्यांना हे सामने तोंडपाठ होते, पण जास्त रंगून ते ग्रोव्हच्या रागाबद्दल बोलायचे. १९३१च्या ऑगस्टमध्ये सलग १६ विजयांनंतर तो सेंट लुइसला १-० हरला. सिमन्स मिलवॉकीला घरी गेलेला. त्याच्या जागी आलेल्या मूरचा चेंडूचा अंदाज चुकला. ग्रोव्हने क्लबहाउसची मोडतोड केली आणि शिव्या घातल्या त्या मूरला नव्हे, सिमन्सला. त्या वर्षी त्याचे विजय ३१, पराभव फक्त ४. ऐकता ऐकता मला वाटायचं, या माणसांनी बेसबॉल पाहिला नाही, ते त्यात राहिले.

आणि मग आपले जाणकार एका वाक्यात निकाल लावतात: मॅक चिक्कू होता, म्हणून त्याने या संघातले खेळाडू विकले. सिमन्स, हास, डाइक्स शिकागोला, कॉक्रेन डेट्रॉइटला, ग्रोव्ह आणि फॉक्स बॉस्टनला गेले हे खरं. पण रविवारचं काय? पेनसिल्व्हेनियात १७९४च्या कायद्याने रविवारी पैसे घेऊन खेळ दाखवता येत नसे. शिकागो, सेंट लुइस, डेट्रॉइट कधीचे रविवारी खेळत होते, न्यूयॉर्कला १९१९मध्ये मुभा मिळाली. ॲथलेटिक्स १९२६ला एक रविवार खेळले आणि मग कोर्टाने बंदी घातली. कायदा सुटला तो १९३४च्या मोसमाला. कामगारांच्या शहरात कामगाराचा सुट्टीचा दिवसच मैदानाला बंद! यँकीजचा मालक रुपर्टकडे बिअरचा कारखाना होता; मॅककडे तिकीट खिडकीखेरीज काही नव्हतं. १९२९ला ८ लाख ३९ हजार प्रेक्षक आले, मंदीत १९३३ला ३ लाखही नाहीत. पगार कुठून द्यायचे?

मॅकची चूक मला दिसते ती दुसरीकडे. २०व्या स्ट्रीटच्या घरांच्या गच्च्यांवरून लोक सामने बघायचे, म्हणून १९३५ला उजवीकडची भिंत पत्रे लावून ३४ फुटांवर नेली. शेजाऱ्यांशी वैर घेऊन गल्ल्याला काय लागलं? आणि काळ्या खेळाडूंना दार उघडायला १९५३ उजाडला, बॉब ट्राइस आला तेव्हा. हिलडेलसारखा काळ्या खेळाडूंचा संघ शहराच्या वेशीवर डार्बीत वर्षानुवर्षं खेळत होता. चांगले खेळाडू शोधायला लांब जायची गरजच नव्हती.

शेवट भराभर झाला. १९५०ला ८७व्या वर्षी मॅक थांबला, मुलांना क्लब पेलला नाही. पिचर बॉबी शँट्झचा १९५२चा मोसम एवढंच सांगण्यासारखं. १९५४ला जेमतेम ३ लाख प्रेक्षक, आणि संघ कॅन्सस सिटीला, १९६८ला ओकलंडला. मैदान १९७६ला पाडलं, तिथे आज चर्च आहे. २०२५पासून संघ सॅक्रामेंटोत खेळतो, पण नावापुढे शहरच लावत नाही.

बाहीवर हत्ती मात्र अजून मिरवतात. क्लबच्या नऊ वर्ल्ड सिरीजपैकी पाच फिलाडेल्फियाच्या, तरी ग्रोव्ह, फॉक्स, कॉक्रेन, सिमन्स यांच्यापैकी एकाचाही क्रमांक या क्लबने आजवर निवृत्त केलेला नाही. मॅकचा पुतळा आहे, तोही फिलीजच्या मैदानाबाहेर. या क्लबसाठी लास वेगासला नवं मैदान बांधणाऱ्यांनी त्याच्या भिंतीवर आधी ही चार नावं लावावीत.