कीलीची मोटर आणि तळघरातला गोळा

फिलाडेल्फियाचा जॉन कीली. 1870च्या दशकात त्याने जाहीर केलं की पाण्यातून अफाट 'ईथरिक' शक्ती काढता येते. व्हायोलिन किंवा ट्यूनिंग फोर्क छेडायचा आणि यंत्र सुरू! दाबमापकाचा काटा सरसर चढायचा, बघणारे थक्क. कंपनी निघाली, लोकांनी पैसे गुंतवले, क्लारा मूर या श्रीमंत विधवेने तर वर्षानुवर्षं खर्च उचलला. आतलं रहस्य मात्र कुणालाच दाखवायचं नाही. 1888 मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल तुरुंगाची हवा खाल्ली, तरी तेच.

1898 मध्ये कीली गेला. क्लाराबाईंच्या मुलाने तज्ज्ञांना घेऊन प्रयोगशाळा उकरली. तळघरात सुमारे तीन टनांचा पोकळ पोलादी गोळा, भिंतींत आणि जमिनीखाली बारीक नळ्या! बहुधा दाबलेली हवा.

म्हणून 'फुकट वीज'वाला व्हिडिओ आला की मी टेबलाखाली काय आहे ते आधी बघतो. मग विचारतो, आत किती वॉट, बाहेर किती? व्होल्ट सांगून भागत नाही, व्होल्ट तर पिझो लायटरमध्येही हजारोंनी असतात. 'पेटंट मिळालंय' म्हणणाऱ्यांसाठी: आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(अ)नुसार, प्रस्थापित नैसर्गिक नियमांना उघड छेद देणाऱ्या दाव्याला पेटंट देताच येत नाही.