पॅराग्लायडिंगला जायचंय? आधी वारा बघा

सुट्ट्या लागल्या की पुण्यात शिकणारी आपली नांदेड-लातूरची मुलं कामशेतला जायचं म्हणतात. पुणे-लोणावळा लोकलवरचं हे गाव पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहे. मुलं म्हणतात, "सगळेच जातात." अम्मी म्हणते, "अजिबात नाही." अम्मीची भीती उगाच नाही. जानेवारी 2025 मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही दगावले. म्हणून इजाजत देण्याआधी हे उडतं कसं ते समजून घेऊ.

पॅराग्लायडरला इंजिन नसतं. कापडी पंखाच्या पुढच्या कडेला उघडी तोंडं असतात. त्यातून हवा शिरली की पंख फुगतो. आतला दाब गेला की पंख मिटतो. म्हणजे सगळा खेळ वाऱ्याचा.

उड्डाण कधी, कसं?

वाऱ्याला सामोरं जाऊनच उडतात. उतारावरून वर चढणारा, एकसारखा वारा हवा. वारा मंद असेल तर पंख मागे पसरून पुढे धावतात. जोरात असेल तर पायलट पंखाकडे तोंड करून तो उचलतो, दोऱ्या मोकळ्या आहेत ना ते बघतो आणि मग वळून निघतो. वारा ताशी 25 किलोमीटरच्या आसपास गेला की नवख्याने थांबावं. झोतांनी येणारा वारा त्याहून कमी असला तरी धोक्याचा. आणि वारा डोंगराच्या मागून येत असेल तर उडायचंच नाही, कारण आडोशाला हवेचे भोवरे तयार होतात.

भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात. अनुभवी पायलट त्यांच्यावरच उंच जातात, पण नवख्यासाठी सकाळ किंवा संध्याकाळ बरी. गारपिटीआधीचा काळा ढग मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. असा ढग माणसाला वर ओढून घेतो. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात एवा विस्निएर्स्का ही पायलट अशीच 9,900 मीटरच्या वर खेचली गेली. ती वाचली, पण त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही.

पालकांनी काय बघावं?

- राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे संस्थेची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. ती दाखवायला सांगा. पायलटकडे प्रवासी सोबत घेऊन उडण्याचं प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा.
- हेल्मेट आणि राखीव पॅराशूट हवंच.
- छातीचा आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे लागलेत का, हे स्वतः हात लावून बघा. मांडीचा पट्टा राहिला तर माणूस खाली निसटू शकतो.
- मुलींनी दुपट्टा मोकळा सोडू नये. हिजाब हेल्मेटखाली घट्ट बसवावा, पायात बूट घालावेत.
- पाय जमिनीवरून सुटेपर्यंत धावत राहा, मध्येच बसू नका.
- उतरताना पायलट सांगेल तसंच करा. नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उड्डाण केलं, असं इतिहासकार अल-मक्करी लिहितात. त्यांनाही दुखापत झाली ती उतरतानाच.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. पायलट "आज वारा बरोबर नाही" म्हणाला तर पैशांवरून हुज्जत घालू नका. नाही म्हणणारा पायलटच भरवशाचा. मुलांना निघतानाच सांगून ठेवा : न उडता परत आलात तरी घरी कुणी हसणार नाही.