वल्कल: साल नव्हे, कसब

वल्कल म्हटले की पौराणिक चित्रपटांतील वनवासी राजपुत्रांच्या कमरेस गुंडाळलेली खडबडीत साल डोळ्यांपुढे उभी राहते, आणि झाडावरून साल ओरबाडली की वस्त्र सिद्ध झाले अशी आपली समजूत होऊन बसते. पेण-रोहे लोहमार्गावरील निडीसारख्या गावच्या माणसाने तरी ही समजूत बाळगू नये; कारण रायगड जिल्ह्याच्या रानांत मुबलक वाढणाऱ्या केवणीच्या सालीचा दोर वळणाऱ्यास हे पक्के ठाऊक असते की बाहेरचे कवच निरुपयोगी असून खरा ऐवज आतील चिवट वाखात असतो.

मात्र वल्कलासाठी हा वाख वळीतही नाहीत आणि विणीतही नाहीत. ओल्या सालीवर आघात करून तिचे तंतू पसरवितात. हे वाटेल त्या झाडाला साधत नाही. वड, उंबर, फणस यांच्या चिकाळ कुळातील झाडेच त्यास विशेष अनुकूल. पश्चिम घाटाच्या सदाहरित अरण्यांतील चांदकुडा याच कुळातला. त्याच्या फांदीचा हवा तेवढा तुकडा भिजवून ठोकीत, साल सैल झाली की पायमोज्यासारखी उलटी करून सोलून घेत, आणि टोकाला लाकडाची चकती तशीच राखून बुडासह अखंड पिशवी तयार करीत. तीत तांदूळ भरीत. १८३९ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ग्रॅहॅमच्या वनस्पतिसूचीत या वृक्षाला दिलेले शास्त्रीय नाव या पिशवीवरूनच बेतलेले आहे.

गंमत अशी की याच जातीच्या जावा बेटातील वृक्षाविषयी, त्याच्या आसपास कित्येक मैल जीवजंतू जगत नाही, असा मजकूर १७८३ साली लंडनच्या एका मासिकाने बेलाशक छापला. त्याचा चीक बाणाच्या टोकास लावण्याइतका विषारी आहे हे खरे. सावली मात्र निरुपद्रवी आहे.

पॉलिनेशियातील ‘तापा’ हे सालीचे वस्त्र म्हणजे अडाणी ठोकाठोकीचे फळ असे मानणाऱ्यांनी त्याची हत्यारे पाहावीत. तेथे मुद्दाम लावलेल्या कागदी तुतीचे कोवळे सोट तोडून, साल सोलून, वरचे कवच शिंपल्याने खरवडून, आतील पट्टी लाकडी ठोकळ्यावर चौकोनी मोगरीने बडवितात. मोगरीच्या बाजूंवर जाड-बारीक खाचा कोरलेल्या असतात. आरंभी जाड, मग बारीक, असा क्रम राखला की पट्टी मूळच्या कित्येक पट रुंदावते. हवाईतील मोगऱ्यांवर नक्षीही कोरीत, आणि ते वस्त्र उजेडासमोर धरले असता कागदातील जलचिन्हासारखी ती उमटलेली दिसे. टोंगात अशा पट्ट्या कंदाच्या खळीने जोडून प्रचंड लांबीची वस्त्रे करतात.

ही कला केव्हाच नामशेष झाली, हाही समज पुरता खरा नाही. सुती कापडाच्या आयातीने हवाईत ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडली आणि १९७०च्या दशकात पुन्हा हाती घेतली गेली. टोंगात मात्र विवाहाच्या आणि अंत्यविधीच्या देवघेवीत तिचा मान आजतागायत कायम आहे.