शरद ऋतू आणि सायनसचा विकार

पावसाळा सरून शरद ऋतू लागला की वैद्यांचे दिवस येतात, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. सुरतेत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना तिची प्रचीती दरवर्षी येते. दुपारी ऑक्टोबरचे कडक ऊन, दिवाळीच्या सुमारास पहाटेचा गारवा, पावसाळ्यात भिंतींवर धरलेली बुरशी, साफसफाईत उडणारी धूळ आणि मग फटाक्यांचा धूर! शिवाय उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक खानदेशी बांधवांचा दिवस लूम्सच्या कारखान्यात, सुताच्या बारीक तंतूंत जातो. नाक चोंदते, गाल व कपाळ जड होते, वास येईनासा होतो आणि रुग्ण स्वतःच निदान सांगतो, "डॉक्टरसाहेब, सायनस झालाय."

वास्तविक सायनस हे रोगाचे नाव नव्हे. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे, हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तरात तयार होणारा श्लेष्मा अतिसूक्ष्म केसांच्या हालचालीने अरुंद वाटेतून नाकात ढकलला जातो. गालातील पोकळीचे दार तर तळाशी नसून वरच्या बाजूस असते. सर्दीने किंवा ॲलर्जीने हे दार सुजले, की श्लेष्मा कोंडतो व दुखणे सुरू होते. म्हणूनच उपचाराचे मुख्य सूत्र एकच : वाट मोकळी ठेवणे.

प्रतिबंध

घराची साफसफाई ओल्या फडक्याने करावी. झाडताना आणि कारखान्यात काम करताना नाकातोंडावर मास्क लावावा. ओल आलेल्या भिंतींची वेळीच दुरुस्ती करावी. तंबाखूचा धूर टाळावा. ज्यांना दरवर्षी याच सुमारास त्रास होतो, त्यांनी दिवाळीची वाट न पाहता आधीच डॉक्टरांना भेटावे. ॲलर्जीवरील नाकातील स्टेरॉईड स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात.

घरगुती आराम

आपल्या परंपरेतील जलनेती येथे खरोखर उपयोगी आहे. अर्धा लिटर पाणी चांगले उकळून कोमट करावे, त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून नाक धुवावे. नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी न उकळता मुळीच वापरू नये. त्यातील अमीबाचा संसर्ग दुर्मिळ असला तरी प्राणघातक असतो. वाफेने तात्पुरते बरे वाटते; मात्र उकळत्या पातेल्याजवळ लहान मुलांना बसवू नये, भाजण्याचा धोका असतो.

दोन नेहमीच्या चुका

पहिली चूक नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरले, तर नाक उलट जास्त चोंदते आणि थेंबांची सवय जडते. दुसरी चूक प्रतिजैविकांची, आणि तिच्यात रुग्णांबरोबर आपण डॉक्टरही वाटेकरी आहोत. बहुतेक तीव्र सायनसदाह विषाणूंमुळे होतो व आपोआप बरा होतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून जिवाणूसंसर्ग ठरत नाही. दहा दिवसांत उतार न पडणे, बरे वाटू लागल्यावर पुन्हा बिघडणे, किंवा आरंभीच तीन-चार दिवस तीव्र ताप व पू येणे, अशा वेळी प्रतिजैविकांचा विचार करावा.

प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते, हेही ध्यानात असावे. वारंवार ठणकणारे डोके, मळमळ, उजेड सहन न होणे ही लक्षणे बहुधा अर्धशिशीची असतात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर वरच्या दाढा तपासाव्यात; त्यांची मुळे गालातील पोकळीला लागून असतात.

विलंब नको

डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दृश्ये दिसणे, दृष्टी मंदावणे, कपाळावर सूज, मान ताठणे किंवा गुंगी येणे : यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी विशेष जपावे. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वेळी म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व प्राण घेतले. तो धोका अनियंत्रित मधुमेहात आजही कायम आहे. चेहरा बधिर होणे, नाकात किंवा टाळूवर काळा डाग दिसणे, ही त्याची खूण होय.

सणासुदीच्या दिवसांत प्रत्येकाचा श्वास मोकळा राहो, हीच सदिच्छा!