फुकट विद्या आणि मुक्त विद्या

पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी तिचा कित्ता गिरवला. या सभांचा मोठेपणा असा की, वकील, शिक्षक, दुकानदार, पेन्शनर आणि कॉलेजातील मुले एकाच मांडवाखाली बसून एकच विषय ऐकतात. ज्ञान चार भिंतींच्या आत कोंडून ठेवू नये, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. तरीही आम्हांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. व्याख्यान ऐकून आपण घरी परतलो; त्यातले एखादे प्रकरण आपल्या नातवासाठी सोपे करून छापावे, शेजारच्या गावच्या शाळेस वाटावे, किंवा त्यात आपल्या माहितीची भर घालावी असे वाटले, तर तसे करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? बहुतेक वेळा नाही. ऐकण्यास पैसे पडले नाहीत एवढेच खरे. जे फुकट मिळाले ते मुक्त असतेच असे नाही. हा भेद लहान दिसतो, पण मराठीतील शिक्षणाचे पुष्कळ काही त्यावर अवलंबून आहे.

दोन ओळखीच्या गोष्टी घेऊ. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई असते. वाटसरू तहान भागवतो आणि पुढे जातो. रांजण मात्र पाणपोई घालणाऱ्याचाच राहतो. उद्या त्याने तो उचलला, तर तक्रार करता येत नाही. शेतकऱ्याने शेजाऱ्यास दिलेल्या पायलीभर बियाण्याची गोष्ट वेगळी. ते बियाणे शेजारी आपल्या कणगीत ठेवू शकतो, आपल्या रानात पेरू शकतो, चांगली कणसे निवडून वाण सुधारू शकतो, दुसऱ्या वाणात मिसळू शकतो, आणि तिसऱ्यास देऊही शकतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मुक्त शैक्षणिक साधनांची जी पाच लक्षणे सांगितली आहेत ती नेमकी हीच होत: जवळ ठेवता यावे, वापरता यावे, बदलता यावे, इतर साधनांशी जोडता यावे आणि पुढे वाटता यावे. इंटरनेटवर जे पाठ नुसते पाहावयास मिळतात ती पाणपोई होय. तिचेही पुण्य आहेच; पण तिच्यावर शेती होत नाही.

येथे कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. आपल्या देशातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही चालतो. ही पुढची मुदत मुळात ५० वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. मृत्यूनंतर येणाऱ्या नव्या वर्षापासून ती मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून आपल्या देशात सर्वांसाठी मुक्त झाली. आता कोणत्याही गावच्या मंडळास त्यांची आवृत्ती काढता येते, त्यावरून श्राव्य पुस्तक करता येते. मात्र आज एखाद्या शिक्षकाने भूमितीवर सुंदर टिपणे लिहिली आणि ती सर्वांनी वापरावीत अशी त्याचीच इच्छा असली, तरी कायदा आपोआप त्या टिपणांभोवती कुंपण घालतो. वापरू इच्छिणाऱ्याने प्रत्येक वेळी लेखकाचा पत्ता शोधावा आणि परवानगी मागावी, असा तो खटाटोप होतो.

हे कुंपण लेखकाला स्वतःच्या इच्छेने सैल करता यावे म्हणून २००१ साली क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली. डिसेंबर २००२ मध्ये तिने तयार परवाने प्रसिद्ध केले. त्यांत चार अटी असून त्यांतील हव्या त्या लेखकाने घ्यावयाच्या असतात. पहिली, माझे नाव द्या. दुसरी, तुम्ही बदल करून जे कराल तेही याच अटींवर इतरांस द्या. तिसरी, याचा धंद्यासाठी उपयोग करू नका. चौथी, यात फेरफार करून ते प्रसिद्ध करू नका. या चौथ्या अटीकडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे. भाषांतर हाही फेरफारच होय. एखादे उत्तम इंग्रजी पुस्तक या अटीवर फुकट मिळत असेल, तर त्याचे मराठी भाषांतर छापण्यास पुन्हा स्वतंत्र परवानगी लागते. आमच्या ओळखीची उत्साही मंडळी महिनेमहिने खपून भाषांतर करतात आणि मग तळाशी असलेली ही ओळ वाचतात. ती आधी वाचलेली बरी.

या चळवळीस मोठे बळ मिळाले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या निर्णयाने. आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे, उदाहरणे आणि परीक्षेचे प्रश्न जगाला खुले करीत आहोत, असे तिने एप्रिल २००१ मध्ये जाहीर केले. पुढच्याच वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम खुले झाले. २००२ च्या जुलैत युनेस्कोने पॅरिस येथे सभा भरवली आणि ‘मुक्त शैक्षणिक साधने’ हे नाव तेथे रूढ झाले. आपल्याकडे २०१३ साली केंद्र सरकारने शालेय साधनांचे राष्ट्रीय भांडार उघडले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर सभासद राष्ट्रांनी अशी साधने निर्माण करावीत, अशी शिफारसच युनेस्कोच्या महासभेने संमत केली.

ज्या शिक्षणासाठी विद्यार्थी भारी फी मोजतात, त्याची टिपणे संस्थेने अशी वाटून टाकली, तर ती बुडणार नाही काय? तशी ती बुडाली नाही. टिपणांबरोबर पदवी मिळत नव्हती, प्राध्यापकांची भेट मिळत नव्हती, प्रयोगशाळा मिळत नव्हती आणि शेजारच्या बाकावरचा सोबतीही मिळत नव्हता. कागद वाटला तरी विद्यालय शिल्लक राहते, याचाच हा पुरावा होय. आणि येथेच आमच्या विषयाचा दुसरा, अधिक अवघड भाग सुरू होतो.

पाठ हाती आला म्हणजे विद्या आली, असा समज काही काळ फार जोरात होता. २०१२ आणि २०१३ साली हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेने मिळून इंटरनेटवरून १७ अभ्यासक्रम सर्वांसाठी चालवले. पहिल्या वर्षात नोंदणी झाली सुमारे ८ लाख ४१ हजार. प्रमाणपत्रापर्यंत पोचले सुमारे ४३ हजार. शंभरात पाच म्हणा. सगळेच पूर्ण करण्यासाठी आले नव्हते, कित्येकांना नुसते चाखून पाहावयाचे होते, हे आम्ही मान्य करतो. तरी ज्यांना शिकावयाचे होते त्यांतलेही पुष्कळ एकटे पडून गळाले असणार, हे आपल्या अनुभवावरून समजते. रात्री दहा वाजता एक पायरी अडली आणि ‘अहो, हे कसे झाले?’ असे विचारण्यास कोणी नसले, की पुस्तक मिटते.

सोबत्याचे महत्त्व नुसते भावनेचे नाही. हार्वर्डमधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१ पासून वर्गात एक पद्धत चालवली. थोडा वेळ शिकवावयाचे आणि मग एक प्रश्न टाकावयाचा. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि लहान मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. कोणी कोणावर अधिक जोर लावला? प्रत्येकाने आधी स्वतः विचार करून उत्तर द्यावयाचे. मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे वाद घालावयाचा आणि पुन्हा उत्तर द्यावयाचे. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेले विद्यार्थीदेखील ‘ट्रकने अधिक’ असे म्हणून बसतात. वास्तविक दोन्ही जोर सारखेच असतात. मोटारीचे वस्तुमान कमी म्हणून तिच्या वेगात होणारा बदल मोठा, आणि म्हणून तिची दशा अधिक वाईट. ज्याला ही गोष्ट कालच उमगली आहे, त्याला आपण कोठे ठेचकाळलो होतो ते अजून आठवत असते. म्हणून तो शेजाऱ्याचा हात नेमका त्याच ठिकाणी धरतो. प्राध्यापकांना ती ठेच विसरून वीस वर्षे झालेली असतात.

एक शंका येथे रास्त आहे. हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उतरवून घेत असतील! २००९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर हे तपासून पाहण्यात आले. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न दिला आणि तो प्रत्येकाने एकट्याने सोडवला. त्यातही बरोबर उत्तरे वाढलेली आढळली. इतकेच नव्हे, आरंभी गटात कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसले, तरी वाद घालता घालता ती मंडळी उत्तराशी पोचू शकतात, असे दिसून आले. उसने घेतलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही, समजूत पडते.

मुक्त साधन आणि सोबतीने शिकणे या दोन गोष्टी इंटरनेट येण्यापूर्वीच आपल्या शेजारी एकत्र नांदत होत्या. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलिया येथील मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक पूर्व वर्गांत, म्हणजे सहावी ते आठवीत, पोचला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तो सांभाळला. चार मुलांची टोळी करून मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षण लिहीत आणि निष्कर्षावरून भांडत. परीक्षेतही पुस्तक उघडण्यास मुभा असे. शिक्षक दर महिन्यास एकत्र जमत. वर्गात काय फसले ते सांगत. आणि ‘बाल वैज्ञानिक’ हे मुलांचे पुस्तक त्या अनुभवावरून पुन्हा पुन्हा सुधारले जाई. मुलांच्या शंका ‘सवालीराम’ या नावाने पत्रे लिहून पाठवल्या जात आणि त्यांना उत्तरे मिळत. २००२ साली सरकारने हा कार्यक्रम बंद केला, ही त्यातली दुःखाची गोष्ट. पण पाठ्यपुस्तक ही वरून खाली येणारी आज्ञा नसून वापरणाऱ्यांनी मिळून घडवण्याची वस्तू आहे, हे त्या ३० वर्षांत सिद्ध झाले.

त्या कामात १९७८ साली पुण्याहून एक तरुण अभियंता रजा घेऊन गेला होता. ते अरविंद गुप्ता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती करण्याची युक्ती त्यांनी मुलांपुढे ठेवली. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन कलतो, हे मुलाच्या बोटांना कळते. पुढे ते पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. त्यांनी अशी खेळणी आणि मराठी-हिंदीसह अनेक भाषांतील पुस्तके इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली आहेत. काड्या कोणत्याही दुकानात मिळतात आणि कृती कोणापासून लपवलेली नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप लेखकाच्या पोटाचा. ज्याची उपजीविका लेखणीवर चालते, त्याने आपले पुस्तक मुक्त करावे असा आग्रह कोणी धरू नये. मुक्त करणे हे स्वेच्छेचेच असले पाहिजे. मात्र जी साधने जनतेच्या पैशाने तयार होतात, ती जनतेस बदलण्यास आणि वाटण्यास मोकळी असावीत, ही मागणी न्याय्य आहे. दुसरा आक्षेप असा की, सगळ्यांनी हात लावला तर चुका शिरतील. शिरतात खऱ्या. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर असे लेख दाखवता येतील. परंतु तेथे चूक दुरुस्त करण्यासाठी पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही, आणि कोणता बदल केव्हा झाला याची नोंदही राहते. दुरुस्त करणारे जाणते हात कमी पडतात, हा दोष पद्धतीचा कमी आणि आपला अधिक. मराठीतून नुसते घेणारे पुष्कळ आणि परत भर घालणारे थोडे राहिले, तर मुक्त विद्येच्या काळातही आपली भाषा याचकच राहील.

म्हणून या सभेतील मंडळींपुढे आम्ही एक लहानसा बेत ठेवतो. चार ते सहा जणांनी मिळून एक विषय निवडावा. गावच्या पाण्याचा, बागेतल्या झाडांचा, दहावीच्या गणिताचा, कोणताही. आठवड्यातून एकदा, वाचनालयात नाही तर कोणाच्या ओसरीवर, तासभर बसावे. मुक्त परवान्याचा एक पाठ घ्यावा आणि येण्यापूर्वी प्रत्येकाने तो वाचावा. एकाने समजावून सांगावे, बाकीच्यांनी अडवावे, आणि पुढच्या वेळी सांगणारा बदलावा. ‘मला कळले नाही’ असे म्हणण्याची लाज तेथे कोणास वाटता कामा नये. पाठात जे कळेनासे होते ते स्वच्छ मराठीत, आपल्याकडील उदाहरण घालून, पुन्हा लिहावे. शेवटी चार गोष्टी नोंदवाव्यात: मूळ पाठाचे नाव, कर्त्याचे नाव, तो कोठे मिळाला, आणि परवाना कोणता. आपल्या लेखनाखालीही तशीच एक ओळ घालावी, म्हणजे ते पुढच्या गावास मोकळेपणाने वापरता येईल. मॅसॅच्युसेट्सच्या पाठांचे मराठी रूपांतर केले, तर त्यांच्या परवान्यानुसार तेही त्याच अटींवर आणि धंदा न करता द्यावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

यास मोठे अनुदान लागत नाही की इमारत लागत नाही. एक वही, एक मोबाइल आणि वेळ पाळणारी चार माणसे पुरतात. आणि वेळ पाळणारी माणसे मिळणे हेच त्यातले अवघड काम आहे. आज व्याख्यान संपल्यावर आपल्या उजव्या-डाव्या हाताच्या श्रोत्यांची नावे विचारून घ्यावीत, आणि पुढच्या रविवारी कोणाच्या ओसरीवर बसावयाचे ते मांडवातून बाहेर पडण्यापूर्वीच ठरवावे.